भिंगरीची टाच आणि माझी स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. शेपटी शोधू नका, मला ती नाही. मी बिनवायरचा आहे. वय झालं असलं तरी मी अजून रोजच्या रोज कामावर हजर असतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर माझ्यासारख्यांची गोष्ट म्हटली की ती अडगळीच्या खोलीत संपणार, असं धरून तुम्ही रडवेले चेहरे करून बसाल.

माझ्या पोटात दोन पेन्सिल सेल असतात. पोटालाच एक लाल डोळा आहे आणि तो सदैव खाली बघतो. त्यामुळे जन्मभर मी टेबलच बघत आलो. आमच्या टेबलावर चहाच्या कपाचा गोल डाग कुठे आहे, सुरीचा चरा कुठे आहे, सगळं मला तोंडपाठ. माणसं मात्र मी त्यांच्या हातांवरून आणि आवाजावरून ओळखतो. सेल बदलताना कोणी उलटा केलाच तर क्षणभर छत दिसतं, तेवढीच माझी सहल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला बाळपण वगैरे काही मिळालं नाही. कोणीतरी पोटात स्प्रिंगा बसवल्या, कोणीतरी झाकण लावलं, कोणीतरी बटणं दोनदा दाबून पाहिली आणि खोक्यात घातलं. नखाएवढा एक जोडीदारही बरोबर दिला. तो कॉम्प्युटरच्या कुशीत खोचून बसतो आणि मी इकडून सांगितलेलं तिकडे पोचवतो. इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही, कारण तो माझ्यापासून चार हात लांब असतो.

मला विकत आणलं आत्याने. ती माझी आत्या नव्हे, भिंगरीची. पण तिच्या बुटांच्या कारखान्यातले सगळेच तिला कधी ना कधी त्याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही मारतो. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत शिवणयंत्र, कापायचं यंत्र आणि चामड्याचा वास. ज्यांचे पाय दुकानातल्या तयार बुटांना जुमानत नाहीत, अशांसाठी आत्या बूट बनवते. कोणाचा पाय रुंद, कोणाचा वळलेला, कोणाचा आखूड. आत्या पायाचं माप घेते, कॉम्प्युटरवर तळव्याची आकृती काढते, आणि त्या आकृतीबरहुकूम यंत्र तळ कापून देतं. म्हणजे बघा, पायाची रेघ आधी माझ्या पोटाखालून जाते. मला याचा केवढा गर्व होता म्हणून सांगू.

मागच्या खोलीत शिवणाचं काम बघतात ते मशीनवाले काका. कोणतीही अडचण आली की काकांकडे एकच उत्तर असतं, चामड्याचा तुकडा. दार वाजतंय, लावा चामड्याचा तुकडा. टेबल डुगडुगतंय, घाला पायाखाली तुकडा. माझ्या पाठीवर आत्याचा तळहात घासून प्लास्टिक गुळगुळीत झालं, तेव्हा त्यांनी तिथेही तांबडं, मऊ चामडं चिकटवून दिलं. ते भिंगरीच्या पहिल्या बुटातून उरलेलं होतं. त्या दिवसापासून जगात माझ्यासारखा दुसरा माऊस नाही.

माडीवर आत्याचे वडील राहतात, म्हणजे भिंगरीचे आजोबा. हा कारखाना त्यांनीच काढलेला. हात थरथरायला लागले तसं त्यांनी काम सोडलं, पण खुर्ची नाही सोडली. सकाळी खाली येतात, खिडकीपाशी बसतात आणि छोटा रेडिओ लावतात. आजोबा काहीही टाकून देत नाहीत. वाकडे खिळे, तुटके बंद, बिनझाकणाच्या बाटल्या, सगळं त्यांच्याकडे जमा.

आणि आता भिंगरी. आत्याच्या भावाची मुलगी, वय वर्षं दहा. एका जागी बसत नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. ती दारातून आली की मला आवाजावरूनच कळायचं. टक-सप, टक-सप. उजवा बूट पुरा टेकायचा, डावा नुसता चवड्यावर. तिचे जुने बूट दुरुस्तीला यायचे तेव्हा काका म्हणायचे, "हिचा डावा बूट बघा ताई, पुढून झिजून भोक पडलंय आणि टाच अजून कोरी करकरीत."

वाढत्या वयात पाय बदलत राहतात, म्हणून डॉक्टरांनी आजवर उंच तळाचा बूट दिला नव्हता. या वर्षी परवानगी मिळाली. आणि नेमकी त्याच महिन्यात शाळेची सहल निघाली, डोंगरावर.

सहलीचं महत्त्व तुम्हाला कळावं म्हणून मागच्या वर्षीचं सांगतो. मागच्या वर्षीही शाळा त्याच डोंगरावर गेली होती. सगळी मुलं वर चढली आणि भिंगरी खाली बसमध्ये ड्रायव्हरकाकांबरोबर सत्तेचाळीस दप्तरं सांभाळत बसली. हे तिने स्वतः आत्याला सांगितलं होतं, हसत हसत. दप्तरांचा आकडा मात्र तिने बरोबर लक्षात ठेवला होता.

"या वर्षी मी वर जाणार," ती म्हणाली.

"जाशील," आत्या म्हणाली. "शनिवारच्या आत बूट तयार."

तर मित्रांनो, असा सगळा मामला होता आणि नेमकं त्याच वेळी माझं बिनसलं.

खरं तर ते आधीपासूनच बिनसलं होतं. मागे कधीतरी कारखाना तीन आठवडे बंद होता आणि माझे सेल कोणी काढून ठेवले नाहीत. त्यातला एक आतल्या आत पाझरला आणि त्याचा क्षार माझ्या एका स्प्रिंगेवर साचला. तेव्हापासून मी मधेच विझायचो. आत्या म्हणायची, "सेल संपले वाटतं." नवे घालायची, की दोन दिवस बरं. मग पुन्हा अंधार. मग कोणीतरी मला उचलून टेबलावर दोनदा आपटायचं आणि मी जागा व्हायचो. झालं, सगळ्यांना औषध सापडलं. हळूहळू कारखान्यात रीतच पडली. कामाला बसायचं, चष्मा लावायचा, मला दोनदा आपटायचं आणि सुरू करायचं. आल्यागेल्या गिऱ्हाईकांनाही ठाऊक झालं. कोणी म्हणायचं, "ताई, आपटा की त्याला, रुसला बघा."

मी रुसलो नव्हतो हो. आपटलं की सेल आत उडायचा आणि पळभर स्प्रिंगेला शिवायचा, एवढंच. पण प्रत्येक आपटीबरोबर स्प्रिंग आणखी दबायची. ज्याला सगळे औषध समजत होते, त्यानेच माझं दुखणं वाढत होतं.

मग काकांनी मनावर घेतलं. एके दिवशी झाकण उघडून त्यांनी चामड्याचा पातळ तुकडा नेमका स्प्रिंग आणि सेल यांच्या मधे सरकवला. मी ठार विझलो. चामड्यातून वीज जात नाही, हे चाळीस वर्षं चामड्यात घालवूनही त्यांना कळायची वेळच आली नव्हती. तुकडा काढल्यावर मी शुद्धीवर आलो तेव्हा आत्या हसून हसून खोकत होती. काकांनी हार मानली नाही. तोच तुकडा त्यांनी झाकणाखाली दडपला. सेल गच्च बसले असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते एका अंगाला रेलले आणि माझी दुखरी स्प्रिंग आडवी झाली.

सोमवारी आत्या भिंगरीच्या डाव्या तळाची आकृती काढायला बसली. टाचेची उंची ठरवणारी रेघ ती ओढत होती. बोट बटणावर, रेघ निम्म्यावर, आणि मी विझलो. तिने सवयीने मला उचलून आपटलं. मी जागा झालो, पण तिचं बोट बटणावरच होतं. रेघेचं टोक हिसक्यासरशी खाली घसरलं. पडद्यावर ते केसभर दिसलं असेल. आत्याच्या ध्यानात आलं नाही. मला कळलं होतं, पण मी सांगणार कसा?

मंगळवारी यंत्राने तळ कापला, काकांनी कच्चा बूट जोडला आणि भिंगरीने तो घालून पाहिला. मी टेबलावरून कान देऊन ऐकत होतो. टक-सप. टक-सप. सप थोडा हलका झाला होता, पण सपच.

"कसा वाटतोय?" आत्याने विचारलं.

"छान आहे," भिंगरी म्हणाली. मग म्हणाली, "आणि नाही जमलं चढायला, तरी मला बस आवडते. ड्रायव्हरकाका गोष्टी सांगतात."

आत्या येऊन खुर्चीत बसली आणि तिचा हात माझ्या पाठीवर आला. तो गार पडला होता. थोड्या वेळाने तिला पडद्यावर ती घसरलेली रेघ दिसली.

"काका, त्या जाडीची तळाची हलकी शीट किती उरलीय?"

"एका तळापुरती, ताई. नवी यायला दोन आठवडे."

"म्हणजे आता चुकून चालणार नाही." मग तिने मला बाजूला सारलं. "उद्या दुपारी जाऊन नवा माऊस आणते. हा द्या टाकून. किती सेल खाल्ले याने."

मित्रांनो, टाकून देतील याचं मला वाईट वाटलंच. खोटं कशाला बोलू? पण त्याहून वाईट या गोष्टीचं वाटलं, की भिंगरीच्या सहलीची वाट लावणारा मी ठरलो, आणि तेही तिच्याच बुटाचं चामडं पाठीवर घेऊन.

बुधवारी शाळा सुटल्यावर भिंगरी आली. आत्या मागच्या खोलीत एका गिऱ्हाईकाचं माप घेत होती. भिंगरी मला हातात घेऊन आजोबांच्या खुर्चीशेजारी बसली. आजोबांचा रेडिओ खणखणीत वाजत होता.

"आजोबा, याला टाकणार म्हणे."

"माझ्याकडे दे. मी ठेवतो." आजोबांचं हे उत्तर ठरलेलं.

"याचे सेल पण तुम्ही ठेवता?"

"ठेवतो म्हणजे वापरतो. आत्याने टाकलेले सेलच तर रेडिओत आहेत."

भिंगरीने रेडिओकडे पाहिलं. मग म्हणाली, "संपलेले सेल?"

"उरलासुरला जीव असतो गं त्यांच्यात. रेडिओला तेवढा पुरतो."

"हे किती दिवस पुरले?"

"झाला असेल की महिना."

"म्हणजे संपलेले सेल तुमच्याकडे महिनाभर चालतात, आणि ताजे सेल याच्याकडे दोन दिवस?"

आजोबांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. महिनाभर संपलेल्या सेलांवर तो गात होता आणि सगळे बसून ऐकत होते. कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही, आणि माझ्याकडे तर दिवा आहे.

"उघड त्याचं झाकण," आजोबा म्हणाले. "हात तुझे, चष्मा माझा."

सेल काढले की मला शुद्ध राहत नाही. त्यामुळे पुढचं मला भिंगरीकडूनच कळलं. तिने ते नंतर प्रत्येक गिऱ्हाईकाला इतक्या वेळा सांगितलं, की मी स्वतः पाहिल्यासारखं सांगू शकतो. तिने आधी काकांचा चामड्याचा तुकडा काढला. मग आत डोकावली. एक स्प्रिंग ताठ उभी होती. दुसरी चेपून आडवी झाली होती आणि तिच्या बुडाशी पांढरी पूड धरली होती. भिंगरीने सेल परत ठेवून बोटाने हलवला. तो डुगडुगला. त्याच्या बुडाखाली नखभर फट होती.

भिंगरी ती फट बघत राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "याची टाच टेकत नाहीये."

आजोबा म्हणे बराच वेळ चष्मा पुसत होते. चष्मा भिंगरीच्या नाकावर होता, हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. ते नुसताच रुमाल चोळत होते.

मग दोघं कामाला लागली. काडीला कापूस गुंडाळून तो व्हिनेगरमध्ये बुडवला आणि पांढरी पूड हलकेच पुसून घेतली. "बोटाला लागू देऊ नकोस, आणि नंतर हात धू," आजोबा सांगत होते. कोरड्या कापसाने ओल टिपली. तळाच्या कडा घासायला काका वापरतात तो बारीक पॉलिश पेपर घेऊन भिंगरीने स्प्रिंग चकाकेपर्यंत घासली. मग काकांच्या चामडं टोचायच्या आरीचं टोक स्प्रिंगेखाली घालून ती उचलायला लागली.

"एका दमात नाही," आजोबा म्हणाले. "जोर केलास तर मोडेल. थोडी उचल, सेल बसवून बघ. परत थोडी."

तिने तसंच केलं, चार वेळा. समोरच्या टोकाची दबलेली पत्री चिमट्याने जराशी पुढे ओढली. मग दोन्ही सेल बसवले आणि माझा डोळा उघडला.

मी उलटाच होतो. पण या वेळी झाकण लावायची कोणाला घाई नव्हती. दोन चेहरे माझ्यावर वाकले होते. एक सुरकुत्यांचा, बिनचष्म्याचा. दुसरा छोटा, नाकावरून घसरणाऱ्या मोठ्या चष्म्याचा, पुढचा एक दात अर्धवट आलेला. इतकी वर्षं जिची पावलं ऐकली, ती अशी दिसते तर.

"जागा झाला," भिंगरी म्हणाली आणि तिने मला हळू हलवलं. मी विझलो नाही. तिने जोराने हलवलं. तरी नाही.

तेवढ्यात आत्या खांद्याला पिशवी अडकवून बाहेर आली, नवा माऊस आणायला निघालेली. आजोबा म्हणाले, "आधी हा बघ." आत्याने मला घेतलं आणि सवयीने उचलून आपटणार, तोच भिंगरीने तिचा हात धरला.

"आपटू नकोस गं. त्याला काही झालेलं नाही. आपणच त्याला आपटून आपटून आजारी पाडलंय."

आत्याने मला टेबलावर ठेवलं, इकडे नेलं, तिकडे नेलं. मग पिशवी खुंटीला अडकवली आणि खुर्ची ओढली. काका दारात उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी आपला चामड्याचा तुकडा मुकाट्याने उचलून खिशात घातला.

त्या संध्याकाळी मी जसा चाललो, तसा नवा कोरा असतानाही चाललो नसेन. टाचेची रेघ आत्याने एका दमात ओढली. चहाचा डाग ओलांडला, सुरीचा चरा ओलांडला, आणि मी पापणीसुद्धा लववली नाही. आकृती पुरी झाल्यावर तिने ती तीनदा मोजून पाहिली. उरलेली शीट यंत्रावर चढली. गुरुवारी काकांनी तळ चिकटवून वजनाखाली ठेवला. शुक्रवारी शाळा सुटल्यावर भिंगरीने बूट घातला.

आत्या माझ्यापाशी बसली होती. तिचा तळहात माझ्या पाठीवर होता आणि घामाने चामडं ओलं झालं होतं. आजोबांनी रेडिओ लावला नव्हता.

टक.

मग पुढचं पाऊल. टक.

टक-टक, टक-टक. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत.

"परत चाल," आत्या म्हणाली. भिंगरी परत चालली, मग धावली, मग मागच्या खोलीत जाऊन काकांच्या यंत्राला एक चक्कर मारून आली. शेवटी काकाच म्हणाले, "अगं, डोंगर उद्या आहे. आजच झिजवशील."

शनिवारी कारखान्यात कोणाचंच लक्ष कामात नव्हतं. आत्या एकच रेघ पाच वेळा पुसून काढत होती. आजोबा दर थोड्या वेळाने उठून खिडकीतून बाहेर बघायचे, जणू डोंगर गल्लीच्या टोकाशीच होता. काकांनी एका बुटाला दोन्ही बाजूंनी उजवी बाजूच शिवली आणि मग उसवत बसले.

रविवारी सकाळी दारातून आवाज आला. टक-टक, टक-टक.

"गेलीस का वर?" आजोबांनी ती आत यायच्या आधीच विचारलं.

"टोकापर्यंत. शेवटून दुसरी आले. माझ्या मागे गणिताचे सर होते."

"आणि दप्तरं?"

"दप्तरं ड्रायव्हरकाकांनी सांभाळली. मी त्यांना सांगून गेले होते, सत्तेचाळीस नाही, अठ्ठेचाळीस आहेत म्हणून."

सगळे हसले. मग आत्या म्हणाली, "बूट दाखव." भिंगरीने डावा बूट काढला आणि टेबलावर उलटा ठेवला. मला काही दिसत नव्हतं. माझ्या डोळ्याखाली नेहमीचं टेबल. तेवढ्यात एका छोट्या हाताने मला उचललं आणि बुटाच्या टाचेवर नेऊन ठेवलं.

"तू पण बघ," भिंगरी म्हणाली.

मी बघितलं. माती. तांबडी, जाडसर, टाचेच्या खाचाखाचांत गच्च बसलेली. आजवर कधी जमिनीला न लागलेली टाच डोंगर चढून आली होती. मी आयुष्यात एवढं सुंदर काही बघितलं नाही, आणि मी टेबल सोडून दुसरं काही बघितलेलं नाही म्हणून हे बोलत नाहीये.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे काही अडलं, बंद पडलं, कोणी वरचेवर रुसायला लागलं, तर त्याला आपटू नका. आधी झाकण उघडून बघा. कदाचित नखभर फटच असेल, आणि तेवढीच भरून काढायची असेल. सुट्टीला जाताना सेल काढून ठेवा. स्प्रिंग हळू उचला. आणि आमची पोटं अधूनमधून स्वच्छ पुसत जा.

हे शेवटचं सांगायला मला जरा संकोच वाटतो, कारण त्या मातीचा एक कण माझ्या डोळ्याच्या खाचेत अडकलेला आहे. परवा आत्या कापूस घेऊन तो काढायला बसली होती. तिने कण पाहिला, कापूस खाली ठेवला आणि मला तसंच कामाला लावलं.